प्रस्तावना : कारखान्याने दिलेली बैठक

फेब्रुवारी १९५४ मध्ये न्यू यॉर्कच्या मोटार प्रदर्शनात मर्सिडीज-बेंझने ३०० एसएल ही गाडी लोकांपुढे ठेवली. दारे पंखांसारखी वर उघडत म्हणून तिला ‘गलविंग’ म्हणू लागले. १९५७ पर्यंत अशा १,४०० गाड्या तयार झाल्या आणि आज त्यांतली एखादी लिलावात आली, तर बोली कोट्यवधी रुपयांत जाते. तिच्या नळ्यांच्या चौकटीविषयी, पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या तिच्या यंत्रणेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. तिच्या आसनांची गोष्ट मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. गाडीच्या ठरलेल्या किमतीत मिळणारे आसन चौकडीच्या कापडाचे होते. चामडे हवे असेल तर वेगळे पैसे मोजावे लागत.

अमेरिकेतल्या पुष्कळ ग्राहकांनी ते मोजले. त्यामुळे कारखान्यातूनच चामड्याची आसने घेऊन निघालेल्या गलविंग होत्या आणि त्या पूर्णपणे अस्सल आहेत. पण पुढच्या तीस-चाळीस वर्षांत, गाड्यांच्या किमती चढत गेल्या तशा, कापडी आसनांच्या गाड्यांनाही चामडे चढले. एवढ्या मोलाच्या गाडीला कापड शोभत नाही, असे मालकांना वाटले. जुने चौकडीचे कापड फेकले गेले. ते इतके दुर्मीळ झाले की ज्या थोड्या गाड्यांत ते उरले होते, त्यांच्याकडेच लोक शंकेने पाहू लागले. शेवटी मर्सिडीजच्या जुन्या गाड्या सांभाळणाऱ्या विभागाला ते कापड नमुन्याबरहुकूम पुन्हा विणून घ्यावे लागले.

हे पुस्तक लिहिण्यामागचा विचार या उदाहरणात आला आहे. अभिजात स्पोर्ट्स कारच्या आसनांची सर्वांत मोठी हानी उंदरांनी, उन्हाने किंवा निष्काळजी मालकांनी केलेली नाही. ती प्रेमाने केली आहे. गाडीवर जीव असलेल्या माणसाने तिला होते त्यापेक्षा चांगले द्यायचे ठरवले आणि तिचे स्वतःचे जे होते ते नाहीसे झाले. शिसवी खांबांना हौसेने ऑइल पेंट लावलेला वाडा ज्याने पाहिला आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

आसनाचाच प्रश्न एवढा नाजूक का? गाडीच्या इतर भागांना आपापले साक्षीदार असतात. इंजिनावर क्रमांक कोरलेला असतो, चासीवर असतो, बॉडीवरही असतो. रंगाचे थर मोजता येतात. पत्रा कुठे कापून जोडला आहे, हे जाणत्या बोटांना कळते. गादीवर सहसा कुठलाच क्रमांक नसतो. ती दोन बोल्ट काढले की बाहेर येते, चार दिवसांत नवी शिवून होते आणि जुनी कचऱ्यात गेली की ती कशी होती हे सांगणारे कोणी उरत नाही. शिवाय सगळ्यात जास्त झिजतो तोही हाच भाग. माणसाचे वजन, घाम, ऊन, पाऊस हे सगळे पहिल्यांदा गादीच सोसते. म्हणून तिला हात लावण्याची वेळ सर्वांत आधी येते आणि हात लावताना विचार सर्वांत कमी होतो.

पुढे जाण्याआधी काही शब्दांचे अर्थ ठरवून घेतो, कारण पुस्तकभर ते याच अर्थाने येतील. जे आसन कारखान्यात शिवले गेले आणि आजही गाडीत आहे, ते ‘मूळ’. जे नंतर शिवले, पण साहित्य, माप, शिवण आणि रंग या बाबतींत त्या विशिष्ट गाडीच्या मूळ आसनाशी इमान राखते, ते ‘नमुन्याबरहुकूम’. यांपैकी कशातच बसत नाही ते ‘बदललेले’, मग त्यावर कितीही खर्च झालेला असो. बदललेले आसन म्हणजे गुन्हा नव्हे. बदललेले आसन मूळ म्हणून दाखवणे ही मात्र फसवणूक आहे. नमुन्याबरहुकूम केलेले आसन मूळ म्हणून खपवणे हीसुद्धा फसवणूकच, जरी ती अधिक कुशल हातांनी केलेली असली तरी.

या विचाराला आंतरराष्ट्रीय आधार आहे. जुन्या वाहनांच्या संघटनांची जागतिक संस्था ‘फिवा’ १९६६ साली स्थापन झाली. तिने तयार केलेली ‘ट्यूरिन सनद’ २०१३ साली पक्की झाली. वास्तूंच्या जतनासाठी १९६४ साली झालेल्या व्हेनिस सनदेचा वारसा ती सांगते. जे आहे ते राखणे, ते बिघडू न देणे आणि जे गेले ते पुन्हा घडवणे या वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि जमेल तितके कमी बदलावे, हे तिचे सूत्र. केलेला बदल ओळखता यावा आणि त्याची नोंद राहावी, असाही तिचा आग्रह आहे. देवळाच्या दगडाला आपण जे लागू करू, तेच गादीच्या टाक्यांना लागू होते. इतके साधे तत्त्व, पण मोटारींच्या जगात ते रुजायला बराच काळ गेला.

या पुस्तकाचा कणा म्हणून मी जॅग्वार ई-टाइप ही गाडी निवडली आहे. मार्च १९६१ मध्ये जिनिव्हात ती प्रथम दिसली. कॉव्हेंट्रीच्या ब्राउन्स लेन कारखान्यात ती बनत होती आणि तिचा आकार माल्कम सेयर यांनी विमानशास्त्राच्या हिशेबाने आखला होता. निवडीचे कारण तिचे सौंदर्य नाही. ते आहे तिची किंमत. इंग्लंडमध्ये ती कर धरून सुमारे दोन हजार पौंडांना मिळत होती. त्याच तोडीच्या वेगाच्या ॲस्टन मार्टिन किंवा फेरारीसाठी याहून कितीतरी जास्त मोजावे लागे. जॅग्वारचे संस्थापक सर विल्यम लायन्स यांचे सारे कसब या किमतीत होते. कुठे खर्च करायचा आणि कुठे हात आखडायचा, हे त्यांना नेमके कळत होते.

तो हिशेब ई-टाइपच्या आसनात आजही वाचता येतो. अंगाला लागणारा दर्शनी भाग चामड्याचा आहे. बाजू आणि पाठीमागचा भाग, जिथे माणसाचा स्पर्श होत नाही, तिथे त्याच रंगाचे विनाइल आहे, ज्याला आपण सरसकट रेक्झीन म्हणतो. दारांच्या आतल्या फळ्यांवरही तेच. शोरूममध्ये दार उघडणाऱ्याला चामड्याचा वास यायचा, डोळ्यांना सगळीकडे एकच रंग दिसायचा आणि कारखान्याचे कितीतरी चौरस फूट चामडे वाचायचे. आज बाजारात ई-टाइपसाठी ‘संपूर्ण चामड्याचे’ संच मिळतात आणि विकणारा ते वरच्या दर्जाचे म्हणून विकतो. ते बसवले की आसन खरोखर महाग होते. पण लायन्स यांनी ही गाडी त्या किमतीत कशी बसवली, याचा गाडीतच असलेला पुरावा पुसला जातो. जॅग्वारच्या क्लबांच्या स्पर्धांत अस्सल नसलेल्या गोष्टींसाठी गुण कापले जातात. त्यामागे नियमांचा हट्ट नाही. विनाइलची ती बाजू त्या गाडीच्या जन्मकथेचा भाग आहे.

आणखी एक अवघड गोष्ट इथेच सांगितली पाहिजे. १९६१ ते १९६४ मधल्या ३.८ लिटर ई-टाइपची आसने आरामदायक नाहीत. त्या काळच्या परीक्षकांनीही तशी तक्रार केली होती. शिंपल्यासारखी खोलगट बैठक, पाठीचा कोन जवळजवळ ठरलेला आणि सुरुवातीच्या गाड्यांत तर पायांसाठी खोल जागाही नव्हती. १९६४ च्या अखेरीस ४.२ लिटरची गाडी आली, तेव्हा कंपनीने आसने नव्याने केली आणि ती स्पष्टपणे सुधारली. त्यामुळे ३.८ च्या मालकापुढे खरा पेच उभा राहतो. नमुन्याबरहुकूम राहायचे तर पाठ दुखण्याचीही तयारी हवी. लांबच्या प्रवासाला जाणारा मालक ४.२ ची आसने बसवतो, हे मी समजू शकतो. माझे म्हणणे इतकेच की, काढलेली जोडी जपून ठेवावी, बसवताना नवी भोके पाडू नयेत आणि पुढच्या मालकाला दोन्ही जोड्या मिळाव्यात. पुन्हा पूर्ववत करता येईल असा बदल हा बदल असला तरी ती हानी नसते.

आता चामड्याकडे येऊ. त्या काळातल्या इंग्लिश मोटारींच्या चामड्याची गोष्ट मोठ्या प्रमाणात कोनोली ब्रदर्स या एकाच कंपनीची गोष्ट आहे. १८७८ साली लंडनमध्ये दोन भावांनी सुरू केलेल्या या व्यवसायातून रोल्स-रॉइस, बेंटली, ॲस्टन मार्टिन, जॅग्वार आणि इटलीतल्या फेरारीपर्यंत चामडे जात असे. ब्रिटिश संसदेतल्या बाकांनाही त्यांचेच चामडे होते. २००२ साली हा कारखाना बंद झाला. तेव्हापासून जुन्या गाड्यांसाठी ‘कोनोलीसारखे’ म्हणून जे मिळते, त्याची पारख मालकाला स्वतः करावी लागते.

पारख कशाची करायची? पहिली गोष्ट पोत. चांगल्या जुन्या चामड्याचा पोत जनावराच्या त्वचेचा असतो. तो मानेजवळ वेगळा, पाठीवर वेगळा, पोटाकडे सैल आणि सुरकुतलेला. हल्लीच्या पुष्कळ चामड्यांवर वरचा थर घासून त्यावर यंत्राने पोत उठवलेला असतो. तो सगळीकडे सारखा दिसतो आणि हे सारखेपणच त्याला उघडे पाडते. दुसरी गोष्ट वरचा लेप. साठच्या दशकातल्या मोटारींच्या चामड्यावर बहुधा नायट्रोसेल्युलोज लॅकरचा रंगीत थर असे. तो पातळ असतो, त्याला संथ चमक असते आणि वयानुसार त्याला बारीक तडे जातात. आजचे लेप पाण्यावर आधारित ॲक्रिलिक किंवा पॉलियुरेथेनचे असतात. ते अधिक टिकतात, लवचिक राहतात, पण त्यांची चमक वेगळी असते आणि ते वेगळ्या रीतीने म्हातारे होतात. तिसरी गोष्ट, चामड्याची मागची बाजू. ती पाहिल्याशिवाय कुठलेही चामडे विकत घेऊ नये. पुढून लावलेला रंग आणि आतपर्यंत मुरलेला रंग यांतला फरक तिथेच दिसतो.

मूळ रंग कोणता होता, हे ठरवणे हा या पुस्तकातल्या सर्वांत मोठ्या प्रकरणाचा विषय आहे. साठ वर्षे उन्हात असलेल्या लाल चामड्याचा वरचा भाग आज विटकरी किंवा तपकिरी दिसतो. शिवाय मधल्या काळात कुणीतरी त्यावर स्प्रेने रंग मारलेला असतो. खरा रंग शिवणीत सापडतो. दोन तुकडे जोडताना जी अर्धा इंच दुमड आत जाते, तिथे ऊन कधी पोहोचलेले नसते. पायपिंगच्या खाली, गादीच्या तळाला ताणून खिळलेल्या कडेला, पाठीच्या आत वळलेल्या भागावरही तो असतो. त्यासाठी शिवण उसवावी लागते, म्हणून ते शेवटचे पाऊल असावे आणि उसवण्याआधी फोटो घेतलेले असावेत.

शिवणीतून रंगापेक्षाही जास्त कळते. एका इंचात किती टाके आहेत, दोरा सुती आहे की नायलॉनचा, पायपिंगच्या आत कशाची दोरी आहे, उभ्या पट्ट्या किती आणि त्यांतले अंतर किती, त्यांच्यात काय भरले आहे. या सगळ्यांतून हे कव्हर कारखान्यात शिवले की नंतर, हे कळायला मदत होते. चामड्याची एक खोड मोलाची आहे. त्यात सुईने पडलेले भोक पुन्हा बुजत नाही. एखाद्या तुकड्यावर टाक्यांच्या दोन रांगा दिसल्या, तर तो तुकडा दोनदा शिवला गेला आहे. म्हणूनच जुने चामडे पुन्हा शिवताना हुशार कारागीर त्याच भोकांतून हाताने दोरा नेतो.

कागदपत्रांची साक्षही घ्यावी लागते. जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्टच्या दाखल्यात गाडीचे क्रमांक, तयार झाल्याची तारीख, बाहेरचा रंग आणि आतल्या सजावटीचा रंग दिलेला असतो. मर्सिडीजची डेटा कार्डे आहेत, पोर्शेच्या कार्डेक्स नोंदी आहेत. पण या साक्षीच्या मर्यादा ओळखायला हव्यात. दाखला लाल म्हणतो, पण कोणता लाल हे सांगत नाही. विक्रीच्या माहितीपुस्तिकांतले फोटो अनेकदा सुरुवातीच्या नमुना गाड्यांचे असतात आणि प्रत्यक्ष उत्पादनात काही तपशील बदललेले असतात. म्हणून या पुस्तकात पुराव्यांचा क्रम असा लावला आहे : आधी त्या गाडीतले मूळ साहित्य, मग त्याच महिन्यांत बनलेल्या आणि हात न लागलेल्या दुसऱ्या गाड्या, मग कारखान्याच्या नोंदी, मग त्या काळचे फोटो आणि सर्वांत शेवटी आठवणी. हा क्रम उलटा झाला की चुका सुरू होतात.

कापडी आसनांचा प्रश्न चामड्याहूनही कठीण आहे, कारण चामडे नवे कमावता येते, पण बंद पडलेले कापड कुणीतरी पुन्हा विणल्याशिवाय मिळत नाही. या बाबतीत पोर्शेचा इतिहास फार समृद्ध आहे. ३५६ मध्ये आसनांच्या मधल्या भागात कॉर्डुरॉय दिसते. तिची बॉडी आणि आसने स्टुटगार्टच्या रॉइटर कंपनीत बनत. साठच्या दशकात पोर्शेने रॉइटरचा बॉडीचा कारखाना घेतला आणि उरलेली कंपनी ‘रेकारो’ या नावाने आसनांच्याच व्यवसायात राहिली. ९११ मध्ये काळ्या-पांढऱ्या बारीक चौकडीचे ‘पेपिटा’ कापड आले. १९७४ साली तयार झालेली पहिली ९११ टर्बो फेरी पोर्शे यांच्या भगिनी लुईझ पिएख यांना सत्तराव्या वाढदिवसाला भेट मिळाली. तिच्या आसनांत तांबडे चामडे आणि स्कॉटिश चौकडीचे कापड होते. १९७७ साली ९२८ बरोबर ‘पाशा’ आले. फडफडणाऱ्या शर्यतीच्या झेंड्यासारखा भास देणारे ते नक्षीदार कापड त्या काळातही सर्वांना आवडले नव्हते. नंतरच्या मालकांपैकी कित्येकांनी ते काढून काळे चामडे घातले. आज तेच पाशा लोक शोधत फिरतात आणि पोर्शेच्या अभिजात विभागाने जुनी कापडे पुन्हा उपलब्ध करून दिली आहेत.

या कापडांच्या बाबतीत नमुना जुळणे पुरत नाही. चौकडीचा आकार मिलिमीटरमध्ये मोजावा लागतो. नक्षी विणलेली आहे की छापलेली, हे उलटी बाजू पाहून ठरवावे लागते. धाग्याला पीळ किती, पृष्ठभागावर लव आहे की नाही, हे भिंगाखाली पाहावे लागते. कापड आसनावर कोणत्या दिशेने लावले होते आणि बैठकीची रेषा पाठीच्या रेषेशी जुळवली होती का, याची उत्तरे फक्त जुन्या आसनांत आणि जुन्या फोटोंत आहेत. शिवणाऱ्याची सफाईची आवड इथे आडवी येऊ शकते. कारखान्याने रेषा जुळवली नसेल तर आपणही ती जुळवू नये, हे मान्य करायला मन घट्ट करावे लागते.

महागड्या गाड्यांचीच उदाहरणे देऊन थांबलो, तर विषय श्रीमंतांच्या खोलीत अडकेल. म्हणून पुस्तकात एमजीबीलाही मोठी जागा दिली आहे. १९६२ साली आलेली ही इंग्लंडची सर्वसामान्यांची स्पोर्ट्स कार. सुरुवातीच्या गाड्यांत आसनांचा दर्शनी भाग चामड्याचा आणि त्याला उठून दिसणाऱ्या वेगळ्या रंगाचे पायपिंग. सत्तरच्या दशकात विनाइल आले आणि १९७७ च्या सुमारास समुद्रकिनाऱ्यावरच्या आरामखुर्चीची आठवण करून देणारे पट्ट्यापट्ट्यांचे कापड. आता होते काय, की सत्तरच्या दशकातल्या गाड्यांनाही साठच्या दशकातले चामडे आणि पायपिंग चढवले जाते, कारण ते देखणे असते आणि त्याचे तयार संच सहज मिळतात. हे असेच चालले तर काही वर्षांनी एमजीबीच्या इतिहासातून एक अख्खे दशक दिसेनासे होईल. त्या दशकात कंपनीवर पैशाची ओढ होती, अमेरिकेचे नियम कडक होत होते आणि लोकांची आवड बदलत होती. पट्ट्यांचे कापड हे सगळे सांगते. ते आपल्याला आवडते की नाही, हा प्रश्न दुय्यम आहे.

वरचे कव्हर दिसते म्हणून त्याची चर्चा होते. आसनाचा आकार मात्र आतल्या थरांवर ठरतो : स्प्रिंगा, रबरी पट्ट्या, काथ्या किंवा रबर लावलेले केस, तागाचे कापड, कापूस, फोम. १९२९ मध्ये डनलप कंपनीत रबराच्या चिकापासून फोम तयार झाला आणि आपल्याकडे ‘डनलपची गादी’ घराघरात पोहोचली. त्याच जातीचा फोम त्या काळच्या पुष्कळ मोटारींत होता. चाळीस-पन्नास वर्षांनी त्याचा भुगा होतो. त्याजागी आजचा घट्ट पॉलियुरेथेन फोम घातला की नवे आसन फुगलेले दिसते, कडा गोल होतात, शिवणीवर ताण येतो आणि चालक मूळ उंचीपेक्षा वर बसतो. चामडे नेमके, रंग नेमका आणि तरी आसन चुकीचे, असे पुष्कळदा दिसते, त्याचे कारण आतमध्ये असते.

या आतल्या थरांबाबत माझी भूमिका थोडी सैल आहे. जे दिसत नाही तिथे आजचे सुरक्षित साहित्य वापरायला हरकत नसावी, जर त्याने आकार आणि उंची बदलत नसेल. मोटारीच्या आतले साहित्य किती वेगाने पेट घेते, याचे अमेरिकी बंधन १ सप्टेंबर १९७२ पासून लागू झाले. त्याआधीच्या आसनांना ही कसोटी कधी लागलीच नव्हती. डोक्याच्या आधाराची सक्ती अमेरिकेत १ जानेवारी १९६९ पासून आली. त्याआधीच्या कितीतरी स्पोर्ट्स कारमध्ये असा आधार नाही. गाडी रस्त्यावर चालवणाऱ्या माणसाने जिवाचा विचार आधी करावा. त्याने आगीला दाद न देणारा फोम निवडावा आणि पट्टे बसवावेत. हे बदल त्याने लपवू मात्र नयेत.

सर्वांत महत्त्वाचा निर्णय मात्र शिवणकामाच्या आधीचा आहे : शिवायचे की नाही? तडे गेलेले, पण तुटलेले नसलेले चामडे अजून जिवंत असते. उसवलेली शिवण पुन्हा घालता येते. फाटलेल्या जागी मागून आधार देता येतो. उडालेला रंग फक्त तेवढ्याच जागी भरता येतो. गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवसाशी थेट नाते असलेले आसन एकदाच मिळते. पुढे जगातल्या सर्वोत्तम कारागिराने केलेले काम नमुन्याबरहुकूम होईल, मूळ होणार नाही. म्हणून पुस्तकात ‘जतन’ हे प्रकरण ‘नवे शिवणे’ या प्रकरणाच्या आधी ठेवले आहे आणि वाचकाने ते ओलांडून पुढे जाऊ नये, अशी विनंती आहे.

जतनाबद्दल मराठी वाचकाला वेगळे सांगण्यासारखे काही आहे. या विषयावरची पुस्तके थंड आणि कोरड्या देशांतल्या गॅरेजसाठी लिहिलेली असतात. मुंबई, कोकण आणि गोव्याची हवा वेगळी. पावसाळ्याचे चार महिने चामड्यावर बुरशी धरायला पुरेसे असतात. बंद गॅरेजमध्ये प्लॅस्टिकचे आवरण घालून ठेवलेली गाडी ओल कोंडून घेते. उन्हाळ्यात बंद गाडीच्या आतली उष्णता चामड्याला आकसवते आणि विनाइलमधला मऊपणा टिकवणारा घटक हळूहळू बाहेर निघून ते कडक होते. म्हणून आपल्याकडे वाहती हवा, सुती आवरण, कोरड्या दिवशी दारे उघडून ठेवणे आणि चामड्यावर तेलाचा भडिमार टाळणे, ही चौकट पाळली पाहिजे. वरचा लेप शाबूत असलेल्या चामड्यात तेल फारसे शिरत नाही. ते वर राहते आणि धूळ, बुरशी यांना आमंत्रण देते.

कायद्याच्या बाजूनेही हा विषय आता आपल्या दारात आला आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम जाहीर केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेल्या, मूळ स्वरूपात राखलेल्या आणि मोठे फेरबदल न झालेल्या दुचाकी व चारचाकी गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरे असलेला क्रमांक मिळू लागला. मूळ स्वरूप म्हणजे काय, हा प्रश्न त्यामुळे हौशी लोकांच्या गप्पांपुरता उरलेला नाही. त्याचे उत्तर देण्याची सवय मालकांनी आत्तापासून लावून घेतलेली बरी.

आणि आपल्याकडे हे काम करणारे हात आहेत. पुण्याच्या नाना पेठेत, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, लहान गावांच्या नाक्यांवर सीट शिवणारे कारागीर आहेत. जाड चामडे आणि रेक्झीन ओढणारी त्यांची मशिने दिवसभर चालतात. नमुना समोर ठेवला तर त्यांतले कित्येक जण टाका न् टाका तसाच उतरवतात. उणीव असते ती आपल्या सांगण्यात. आपण त्यांना मोबाइलवरचा फोटो दाखवतो आणि ‘असे करून द्या’ म्हणतो. फोटोत दुमड दिसत नाही, भोकांतले अंतर दिसत नाही, भरलेला कापूस दिसत नाही. जुने कव्हर उसवून, त्याच्या प्रत्येक तुकड्यावर खूण करून, त्यावरून कागदी साचे काढून कारागिराच्या हातात द्यावेत. घाई करू नये आणि त्याला कमी पैशांत गाठू नये. या पुस्तकातले बरेचसे ज्ञान अशाच कारागिरांच्या दुकानांत उभे राहून मिळाले आहे. त्यांच्या सुईला आणि संयमाला मी मनापासून वंदन करतो.

एक प्रश्न वाचक विचारील आणि तो रास्त आहे. गाडी माझी, पैसे माझे, मग मला हवे ते आसन मी का बसवू नये? बसवावे. कायद्याने आणि नीतीने तो हक्क मालकाचाच आहे. ज्याला जनावराचे चामडे वापरायचे नाही, त्याची निवडही मी आदराने मान्य करतो. पण साठ वर्षांची गाडी आपल्याकडे काही काळापुरती असते. आपल्याआधी तिला मालक होते आणि आपल्यानंतरही असतील. त्यांच्याकडे आपण काय पोहोचवतो, याची जबाबदारी मालकीबरोबरच येते.

म्हणून पुस्तकाच्या शेवटी एका पानाचा तक्ता दिला आहे. आसनाचा कोणता भाग मूळ, कोणता नमुन्याबरहुकूम, कोणता बदललेला. चामडे, कापड, फोम कुठून आणले. काम कुणी केले, कोणत्या महिन्यात. काढलेले जुने तुकडे कुठे ठेवले आहेत. हा तक्ता भरायला अर्धा तास पुरतो. जुने तुकडे कागदात गुंडाळून, नाव-तारीख घालून कोरड्या जागी ठेवायला एक लहान खोका पुरतो. पुस्तकातले बाकीचे सगळे विसरले तरी चालेल, एवढे मात्र करावे. ज्या गाडीच्या कागदपत्रांत हे पान आहे, तिची आसने पूर्णपणे नवी असली तरी ती कुणाला फसवत नाहीत.